मास्टर दीनानाथांचे गायन आणि त्यांच्या चरित्राची सावली

मराठी संगीत रंगभूमीविषयी आजवर जे लेखन झाले आहे, त्यात मास्टर दीनानाथ मंगेशकरांचा विषय निघाला की लेखणी एकाएकी उपमांच्या आश्रयास जाते. वीज, उल्का, ज्वाला, धूमकेतू अशी ही नेहमीची उपमानमाला आहे. या उपमा सर्वस्वी खोट्या आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यांचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. गायनाचे वर्णन करीत आहोत असे भासवून त्या गायकाच्या नशिबाचे वर्णन करतात. उल्का म्हटली की ती कोसळणार हे ओघानेच आले, आणि मग एकेचाळीस वर्षांचे आयुष्य, बुडालेली नाटक मंडळी, फसलेला चित्रपटाचा धंदा, उत्तरायुष्यातील मद्यासक्ती हे सारे जणू त्या आवाजातच आधीपासून लिहून ठेवलेले होते, असा समज वाचकाच्या मनात दृढ होतो. गाणे ऐकण्यापूर्वीच त्याचा अर्थ ठरून जातो. प्रस्तुत लेखात आम्हांला विचार करावयाचा आहे तो नेमका या समजाचा.

दुसरी एक सावली याहूनही मोठी आहे; ती अपत्यांच्या कीर्तीची. पश्चिम रेल्वेने विलेपार्ल्यास उतरावे, तेथील नाट्यगृहास दीनानाथांचे नाव आहे. त्याच मार्गाने पुढे मीरा रोडला जावे, तेथे मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या नाट्यगृहास लता मंगेशकरांचे नाव आहे. पिता व कन्या या दोघांचीही नावे अशी उपनगरांच्या दैनंदिन व्यवहारात मिसळून गेली आहेत. मात्र कन्येचा आवाज त्या नाट्यगृहाबाहेरील पानपट्टीवरही ऐकू येतो, आणि पित्याचा आवाज ऐकावयाचा तर जुन्या तबकड्यांचा शोध घ्यावा लागतो. ज्याचे नाव सर्वत्र आहे आणि ज्याचे गाणे क्वचितच ऐकले जाते, अशा कलावंताविषयी आख्यायिका फार लवकर वाढतात.

चरित्रातील मुख्य गोष्टी अशा. जन्म 29 डिसेंबर 1900 रोजी गोमंतकात मंगेशी येथे. आई येसूबाई राणे या मंदिराशी निगडित असलेल्या कलावंत समाजातील. वडील गणेशभट अभिषेकी हे मंगेशाच्या देवळातील पुजारी. बालपणी बाबा माशेलकरांकडे शिक्षण. त्यानंतर किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश. 1918 मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळीची स्थापना. 1934 मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट. 24 एप्रिल 1942 रोजी पुण्यास निधन. एवढ्या ओळींत हा पट आवरता येतो. परंतु त्यातील पहिल्याच गोष्टीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण आमच्या समीक्षेने तेथे बराच संकोच बाळगला आहे.

‘मंगेशकर’ हे आडनाव वडिलांचे नव्हे. ते दैवताचे आणि गावाचे आहे. पित्याच्या कुळाचे नाव लावण्याचा अधिकार ज्या समाजव्यवस्थेने त्या मुलास दिला नाही, त्या व्यवस्थेला त्याने गावचा देवच आपल्या नावात घेऊन उत्तर दिले, असे म्हणावयास हरकत नाही. पण नावापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न गाण्याचा आहे. दीनानाथांच्या गायनाची परंपरा सांगताना लेखक बहुधा गुरूंची नावे सांगतात आणि पुढे जातात. देवळातील उत्सवप्रसंगी गाणाऱ्या स्त्रियांची जी परंपरा गोमंतकात पिढ्यान् पिढ्या चालत आली, ती येसूबाईंच्या रूपाने त्यांच्या घरातच होती, हे मात्र एका वाक्यात उरकले जाते. हिंदुस्थानी संगीताच्या आधुनिक इतिहासात मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर यांच्यासारख्या थोर गायिका ज्या भूमीतून आल्या, त्याच भूमीतून आणि त्याच सामाजिक थरातून हा गायकही आला. त्याच्या आवाजातील निर्भयता जन्मजात ‘पुरुषी’ होती असे समजण्यापूर्वी ती मातृपरंपरेची देणगी असू शकेल काय, हा प्रश्न तरी विचारावयास हवा होता.

या ‘पुरुषी’ विशेषणाचाच आता विचार करू. बालगंधर्व म्हणजे लालित्य व स्त्रीत्व, दीनानाथ म्हणजे ओज व पौरुष, अशी विभागणी इतकी रूढ झाली आहे की तिच्यावर कोणी शंका घेत नाही. पण रंगभूमीवरील प्रत्यक्ष भूमिका पाहिल्या तर ती डळमळू लागते. राम गणेश गडकरी 1919 च्या आरंभी निवर्तले. त्यांचे ‘भावबंधन’ बळवंत मंडळीने रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यात घनश्यामाची भूमिका कोल्हटकरांनी केली आणि लतिकेची दीनानाथांनी. वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभी’त (1927) पारतंत्र्याविरुद्ध पेटून उठणारी जी पदे साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, त्या नाटकात दीनानाथांनी उभी केलेली व्यक्तिरेखा तेजस्विनीची होती, म्हणजे स्त्रीचीच. ज्या गायनाला आपण पौरुषाचा आदर्श मानतो त्याचा एक मोठा भाग लुगडे नेसून गाइलेला आहे. हे लक्षात आले की बालगंधर्वांशी असलेला भेद स्त्री-पुरुष असा राहत नाही. तो दोन प्रकारच्या नायिकांचा, आणि त्याहूनही खोलवर, स्वर व शब्द यांच्याकडे पाहण्याच्या दोन रीतींचा भेद ठरतो.

अर्थात ही रीत दीनानाथांनी शून्यातून निर्माण केली असे नाही. त्यांच्यापूर्वी केशवराव भोसले होऊन गेले. ललितकलादर्शचे हे चालक आणि गायकनट चढ्या, पल्लेदार आवाजासाठी प्रसिद्ध होते. वामनराव जोशींच्याच ‘राक्षसी महत्त्वाकांक्षे’त त्यांनीही स्त्रीभूमिका गाजविली होती. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘मानापमाना’च्या संयुक्त प्रयोगात भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवरावांचा, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव गेले. धैर्यधराची ती जागा दीनानाथांनी घेतली, असे म्हणणे सोपे आहे; पण जागा घेतली ती कशी, हे पाहिले पाहिजे. ‘मानापमान’ 1911 चे. खाडिलकरांची पदे आणि गोविंदराव टेंब्यांच्या चाली. त्या चाली दहा-बारा वर्षांत प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेल्या, पहिले धैर्यधर नानासाहेब जोगळेकर यांच्यापासून कानात बसलेल्या. दीनानाथांनी धैर्यधराची काही पदे सरळ नव्या चालींवर बसविली. रूढ चालीला हात लावणे म्हणजे त्या काळच्या नाट्यरसिकांच्या दृष्टीने मूर्तीला हात लावण्यासारखे होते. त्या नव्या चाली टिकल्या, आजही मैफलींतून गाइल्या जातात. बेभान, लहरी कलावंताचे हे काम नव्हे. पदाचा आशय, आपल्या गळ्याची जात आणि प्रेक्षकांचे कान या तिहींचा हिशेब मांडून केलेले हे काम आहे.

आता गायनाकडे येऊ. आपल्यापुढे मुख्य पुरावा आहे तो 78 फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांचा. एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटे. त्यात दीनानाथ काय करतात? पहिली गोष्ट अशी की ते रागाची वाट दाखवीत बसत नाहीत. पहिल्याच ओळीत ते श्रोत्यास रागाच्या मध्यभागी नेऊन उभे करतात. बालगंधर्व पदाच्या एका शब्दाभोवती घोटाळतात, त्याला कुरवाळतात, लयीला किंचित मागे ओढून धरतात; दीनानाथ शब्दावरून झेप घेतात. त्यांचा स्वरसमूह आखूड असतो, तो तार सप्तकाच्या दिशेने एकदम फेकला जातो आणि तितक्याच अकस्मात खाली येऊन समेवर टेकतो. मधली पायरी ते अनेकदा गाळतात. तान सरळ नसते, पेचदार असते. तिच्यात टप्प्याच्या अंगाची, पंजाबी ढंगाच्या मुरक्यांची जात दिसते. ही तान शोभेसाठी येत नाही. पदातील क्रियापदापाशी किंवा आवाहनापाशी ती फुटते, आणि त्यामुळे नाट्यपद हे भावगीत न राहता एक कृती बनते. पात्र आपल्या भावना सांगत नाही, काहीतरी करते.

या घडणीत रामकृष्णबुवा वझे यांचा वाटा मोठा आहे. ‘रणदुंदुभी’ आणि सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ (1931) या दोन्ही नाटकांच्या चाली त्यांच्या. वझेबुवांचे गाणे जोरकस, अनवट रागांचे आणि काहीसे खडबडीत. त्या अनवट रागांनी दीनानाथांना एक मोलाची सोय करून दिली असे आम्हांला वाटते. परिचित रागात श्रोता पुढचा स्वर आधीच ओळखतो. अपरिचित रागात तो सावध असतो, आणि दीनानाथांची झेप या सावधपणावरच परिणाम साधते. स्थानबद्धतेत असलेल्या राजकीय कैद्याचे नाटक, स्वातंत्र्याची आकांक्षा, आणि पुढचा स्वर कोणता येईल हे सांगता न येणारे गाणे, यांचा मेळ योगायोगाने बसला असे समजू नये.

तथापि या गायनाचे दोषही स्पष्टपणे सांगितले पाहिजेत, कारण आरती ओवाळणे हे संशोधनाचे काम नाही. ओळीने सात-आठ ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर धक्का हीच सवय झाल्याचे जाणवते. काही ठिकाणी शब्द इतक्या वेगाने तोडला जातो की पदाचा अर्थ आधी ठाऊक नसलेल्यास तो कळणार नाही. करुण रसाच्या पदात हा आवेश क्वचित परका वाटतो. हे दोष खरे, पण त्यांतील किती गायकाचे आणि किती तबकडीचे, याचाही विवेक हवा. रंगभूमीवर एकेक पद अनेक वेळा ‘वन्स मोअर’ घेत लांबत असे. तेच पद तीन मिनिटांत कोंबताना मधला अवकाश गाळला जाणे अपरिहार्य होते. शिवाय 78 फेऱ्या हा आकडा कागदावरचा. ध्वनिमुद्रण यंत्राची आणि पुढे वाजविणाऱ्या यंत्राची गती एकच असेल याची शाश्वती नसते. गती थोडी वाढली की स्वरही चढतो आणि तानही वेगवान भासते. दीनानाथांची सुप्रसिद्ध ‘चपळाई’ मोजण्यापूर्वी प्रत्येक मुद्रिकेचा मूळ षड्ज निश्चित करणे आवश्यक आहे. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण त्यावाचून बाकीची विशेषणे अधांतरी राहतात.

आता त्या दुर्दैवाकडे वळू, ज्याच्यामुळे हे सारे गायन ‘अस्ताला जाणाऱ्या ताऱ्याचे’ म्हणून ऐकले जाते. बळवंत मंडळीची हकीकत ज्यांनी आतून पाहिली अशा दोघांची आत्मचरित्रे आपल्याकडे आहेत : कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ आणि विश्राम बेडेकरांचे ‘एक झाड आणि दोन पक्षी’. दोन्ही ग्रंथांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला आहे आणि दोन्ही अत्यंत वाचनीय आहेत. म्हणूनच सावधगिरी हवी. कोल्हटकर हे मंडळीचे भागीदार. बेडेकर हे मंडळीसाठी ‘ब्रह्मकुमारी’ लिहिणारे आणि पुढे चित्रपटाच्या खटाटोपात सामील झालेले. दोघेही लेखक म्हणून समर्थ. समर्थ लेखकाने रंगविलेली माणसे जिवंत होतात, आणि मग वाचक घटनांची कारणे माणसांच्या स्वभावात शोधू लागतो.

परंतु कारणे केवळ स्वभावात नव्हती. 1932 मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी बोलपट सुरू झाला. नाटक मंडळी म्हणजे एक फिरते खटले होते : पगारी नट, साथीदार, आचारी, पडदे, कपडेपट, आणि गावोगावचे कर्ज. रोजच्या खेळाच्या उत्पन्नावर हा गाडा चालावयाचा. प्रेक्षक बोलपटाकडे वळताच उत्पन्न घटले, खर्च मात्र तसाच राहिला. अशा वेळी बळवंतच्या चालकांनी सांगलीस चित्रपटाचा धंदा आरंभिला, याला अविचार म्हणणे सोपे आहे. मग बालगंधर्वांचे काय म्हणावे? स्वभावाने, गाण्याने, राहणीने सर्वस्वी भिन्न असलेला हा कलावंतही कर्जात बुडाला, प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (1935) उतरला आणि तेथे त्याचेही बस्तान बसले नाही. ललितकलादर्शचे बापूराव पेंढारकर 1937 मध्ये गेले. चार-पाच वर्षांच्या अवधीत जर एका व्यवसायातील सर्वच मोठी घरे खचली, तर एकाच घराच्या मालकाचा स्वभाव तपासून भागणार नाही. दीनानाथांच्या अखेरच्या वर्षांतील व्यसनाचा उल्लेख चरित्रपर लेखनातून येतो. तो लपविण्याचे कारण नाही. मात्र व्यसनामुळे विनाश झाला अशी जी मांडणी सामान्यतः केली जाते, तिच्यात क्रम उलटा लावला जाण्याचा संभव मोठा आहे. आधी धंदा गेला, रंगभूमी गेली, आणि ज्या गाण्याला ऐकणारा समूह लागतो ते गाणे समूहावाचून उरले.

कलावंताच्या भग्न आयुष्याने त्याचे गाणे झाकून टाकावे, हा प्रकार मराठीपुरता मर्यादित नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांतील गायनातून ‘सोल’ या नावाने ओळखले जाणारे लौकिक संगीत ज्यांनी 1950 नंतरच्या दशकात घडविले, त्यांत लिट्ल विली जॉन हा एक अग्रणी होता. घरच्या मंडळींबरोबर भक्तिगीते गाणारा हा मुलगा अठराव्या वर्षी ‘फीव्हर’ या गीताने प्रसिद्धीस आला (1956). दोनच वर्षांनी पेगी ली या गोऱ्या गायिकेने तेच गीत गाइले आणि जगाला ते तिचे म्हणून ठाऊक झाले. विली जॉन मद्य आणि मारामाऱ्या यांत गुरफटला, मनुष्यवधाच्या आरोपाखाली दोषी ठरला आणि 1968 मध्ये, तिसाव्या वर्षी, तुरुंगातच वारला. त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांचीही लेखणी तुरुंगापाशी जितकी रेंगाळते तितकी त्याच्या आवाजापाशी रेंगाळत नाही. दोघांच्या आयुष्याची तुलना आम्ही करीत नाही. त्या दोन जगांत अंतर फार आहे. साम्य आहे ते समीक्षेच्या सवयीत. देवळातून किंवा प्रार्थनामंदिरातून आलेला, प्रतिष्ठित समाजाच्या कडेवर उभा असलेला गायक दिसला की त्याच्या कलेला ‘नैसर्गिक’ म्हणावयाचे, तिच्यातील कारागिरी नाकारावयाची, आणि मग त्याच्या पतनात त्या नैसर्गिकतेचाच पुरावा शोधावयाचा, ही ती सवय होय.

वारशाचा प्रश्न यामुळेच अवघड झाला आहे. बालगंधर्वांचे अनुकरण झाले. त्यांच्यासारखे गाणारे पुढे अनेक झाले आणि आजही आहेत. दीनानाथांसारखे गाणारे फारसे झाले नाहीत. यावरून त्यांची परंपरा खुंटली असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. लता मंगेशकरांना पहिले पाठ वडिलांनी दिले. वडील गेले तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. पुढे अमान अली खाँसाहेबांकडे शिक्षण झाले, चित्रपटाचा ध्वनिक्षेपक आला, आणि त्यांच्या गाण्यातून पित्याचा आवेश जवळजवळ पूर्णपणे निघून गेला. राहिले काय? दूरच्या स्वरावर मधल्या पायरीवाचून उतरणे आणि तरीही स्वराच्या नेमक्या मध्यावर पडणे. पित्याने ज्या गुणाचा उपयोग श्रोत्यास दचकविण्यासाठी केला, तोच गुण कन्येने श्रोत्यास काहीही अवघड घडलेले नाही असे वाटावे यासाठी वापरला. हृदयनाथ मंगेशकर वडिलांच्या मृत्युसमयी पाच वर्षांचेही नव्हते. वडिलांचे गाणे त्यांच्यापर्यंत पोचले ते बहुतांशी तबकड्यांतून आणि घरच्यांच्या गळ्यांतून. त्यांच्या चालींत स्वरांची जी लांब, अनपेक्षित अंतरे आढळतात, त्यांचा उगम शोधावयाचा तर याच तबकड्यांपाशी जावे लागेल.

कुटुंबाबाहेरचा वारसा अधिक स्पष्ट आहे, आणि तो वसंतराव देशपांडे यांचा. दीनानाथांचे ऋण वसंतरावांनी कधी लपविले नाही, आणि त्यांच्या गाण्यातही ते लपत नाही : तेच आक्रमण, तीच पेचदार तान, पुढच्या क्षणी काय येईल याची तीच अनिश्चिती. भेद असा की वसंतरावांना मैफल मिळाली. दीनानाथांनी तीन मिनिटांत जे फेकले ते त्यांना तासभर उलगडता आले, आणि त्यामुळे दीनानाथांच्या झेपेमध्ये कोणत्या पायऱ्या गाळलेल्या होत्या हे प्रथमच ऐकू आले. 1967 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या नाटकाला संगीत होते जितेंद्र अभिषेकी यांचे, म्हणजे मंगेशीच्याच अभिषेकी घराण्यातील संगीतकाराचे. खाँसाहेबांची भूमिका वसंतराव करीत होते. दीनानाथांना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती, आणि संगीत नाटकाला लोक पुन्हा तिकिटे काढून, रांगा लावून येऊ लागले होते.